मोह आणि माल्ट

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा भाचा विलायतेहून आला. तो तिकडे नोकरीला असतो. हिंगोलीसारख्या आडगावी राहणाऱ्या मामासाठी काय न्यावे, या विवंचनेत त्याने घरच्यांसाठी चॉकलेटे आणि मामीची नजर चुकवून स्कॉच व्हिस्कीची एक बाटली आणली. आम्ही पडलो मास्तर. वासापलीकडे आमची मजल कधी गेली नाही आणि आता जाण्याचे वयही उरलेले नाही. पण बूच निघाले आणि खोलीत जो वास पसरला, त्याने मी चकित झालो. पिकलेले सफरचंद, किंचित केळे, भिजवलेल्या मनुका आणि मागे रेंगाळणारा मध. दारूला असा फळांचा वास येतो हे मला ठाऊकच नव्हते.

त्याच वेळी शेतावरचे तात्या हळदीचा हिशेब घेऊन आले. तात्या मूळचे कळमनुरीकडच्या डोंगरातले. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी ओसरीवरूनच नाक वर केले आणि म्हणाले, "गुरुजी, ही तं मोहाची हाय की ओ! पर आताची न्हाई. आमच्या आज्याच्या टायमाची."

भाचा हसला. मला मात्र हसू आले नाही. गावच्या ज्या दारूचे नाव सुशिक्षिताने घेऊ नये, तिचा वास आणि हजारो रुपये मोजून आणलेल्या या बाटलीचा वास एका म्हाताऱ्याच्या नाकाला सारखाच वाटावा, आणि त्यातही 'आताची नव्हे, आज्याच्या काळची' असा भेद त्याने करावा, हे काय गौडबंगाल आहे? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना हाती जो इतिहास लागला, तो येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम त्या वासाचे मर्म पाहू. सिंगल माल्ट म्हणजे मोड आणलेल्या सातूपासूनच केलेली आणि एकाच भट्टीखान्यात तयार झालेली व्हिस्की. तिच्यात फळ नावालाही नसते. सातू, पाणी आणि किण्व, एवढाच तिचा संसार. मग सफरचंद येते कोठून? ते येते आंबवणीतून. सातूच्या गोड पाण्यात किण्व काम करू लागले म्हणजे मद्यार्काबरोबरच एस्टर नावाची सुगंधी द्रव्येही तयार होतात. खऱ्या केळ्याला आणि सफरचंदाला जो वास असतो, त्यातही हीच द्रव्ये असतात. आंबवण दोन दिवसांत उरकली तर धान्याचा वास वरचढ राहतो. ती तीन-चार दिवस चालू दिली तर किण्व थकते, दह्यातल्या जिवाणूंचे भाईबंद पुढचे काम हाती घेतात आणि फळांचा वास वाढत जातो. पुढे तांब्याच्या भट्टीत मंद आचेवर गाळताना वाफ तांब्याला जितका वेळ लगटून राहते, तितके तिच्यातले उग्र गंधकी दोष गळून पडतात. शेवटी ती ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरते. शेरी नावाच्या स्पॅनिश मद्यात भिजलेले पिंप असेल तर मनुका आणि अंजिराची छटा येते. अमेरिकन बर्बनचे असेल तर व्हॅनिलाची.

या साऱ्यात समान धागा एकच आहे, आणि तो म्हणजे वेळ. आंबवायला वेळ, गाळायला वेळ, मुरायला वेळ. फळांचा वास हे सवडीचे दान आहे. आणि भट्टीवाल्याला सवड मिळते की नाही, हे त्याच्या कसबावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते कायद्यावर अवलंबून असते. हे विधान कोणास विचित्र वाटेल. परंतु स्कॉटलंडचा इतिहास त्याची साक्ष देतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या सरकारने दारूवर कर बसवण्याची एक अजब युक्ती काढली. दारू किती निघाली हे मोजत बसण्यापेक्षा भट्टीचे भांडे किती गॅलनचे आहे हे पाहावे आणि वर्षाचा कर ठोकून मोकळे व्हावे. दक्षिणेकडच्या सखल प्रदेशात, म्हणजे लोलँडात, हा दर १७८६ साली गॅलनला दीड पौंड होता. १७९७ पर्यंत तो चौपन्न पौंडांवर गेला. कर भांड्यावर आहे, तेव्हा तेच भांडे दिवसात जितक्या वेळा भरून रिकामे करता येईल तितका नफा, हे तिथल्या भट्टीवाल्यांनी तत्काळ ओळखले. त्यांनी परातीसारखी पसरट भांडी घडवली, खाली प्रचंड जाळ लावला आणि शेवटी तर एक घाण तीन मिनिटांच्या आत काढण्यापर्यंत मजल मारली. अशी करपलेली, घशाला जाळणारी दारू कायदेशीर होती!

उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँडात, मात्र खेड्यापाड्यांतले शेतकरी दऱ्याखोऱ्यांत लपून छोट्या भांड्यात नुसत्या सातूची दारू जुन्या चालीने गाळीत. ती बेकायदा होती. पण आडरानात पाळत नसली की घाईही नसे. स्पे नदीच्या एका उपनदीला मिळणाऱ्या लिव्हेट नावाच्या ओढ्याचे खोरे त्यासाठी प्रसिद्ध होते. तिथली चोरटी व्हिस्की, म्हणजे ग्लेनलिव्हेट, कर भरलेल्या दारूपेक्षा सरस आहे, हे गुपित स्कॉटलंडात लहानथोरांस ठाऊक होते. आपल्या भाषेत सांगायचे तर ती हातभट्टीचीच दारू. पण हातभट्टी या शब्दाला तेथे लाज चिकटलेली नव्हती.

१८२२ च्या ऑगस्टात राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. राजेसाहेबांना ग्लेनलिव्हेटच हवी होती. ज्याच्या नावाने कायदा चालतो त्यानेच चोरटी दारू मागावी, ही त्यातली गंमत. सरदारांची धावपळ उडाली. रॉथीमर्कसचे जमीनदार सर जॉन पीटर ग्रँट यांनी घरी निरोप धाडला. त्यांची मुलगी एलिझाबेथ हिने लाकडात आणि बाटलीत दीर्घकाळ मुरलेली आपली खास ठेवणीतली व्हिस्की काढून राजासाठी रवाना केली. स्वतःच्या हाताने राखलेला तो साठा गेला याचे तिला वाईट वाटले. हे सारे तिने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. 'हायलँडमधील एका स्त्रीच्या आठवणी' या अर्थाच्या नावाने ते पुस्तक १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यातली पुढची गोष्ट मात्र मराठी वाचकाने कान देऊन ऐकावी अशी आहे. एलिझाबेथ लिहिते की, राजाला पाठवलेल्या या नजराण्याची योग्य वेळी आठवण करून दिली गेली आणि त्यामुळेच तिच्या वडिलांना हिंदुस्थानातील न्यायाधीशाची जागा मिळाली. ग्रँटसाहेब तेव्हा कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले होते. १८२७ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि पुढच्या वर्षी ते सहकुटुंब आले. कोठे म्हणाल तर आपल्या मुंबईस, तिथल्या सुप्रीम कोर्टात!

मुंबईत त्यांच्यापुढे आले ते मोरो रघुनाथ या पुण्याच्या एका मुलाचे प्रकरण. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. हा पोरका मुलगा आपल्या वडीलधाऱ्या पालकाच्या, पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात होता. त्याला न्यायालयापुढे हजर करावे असा हुकूम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो बजावू दिला नाही. पुण्याच्या रहिवाशांवर मुंबईच्या कोर्टाची सत्ता चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. माल्कमही स्कॉटलंडचेच. १८२८ सालीच कोर्टाचे दोन्ही ज्येष्ठ न्यायाधीश वारले आणि ग्रँट एकटे उरले. गव्हर्नर ऐकत नाही असे पाहून त्यांनी १८२९ च्या एप्रिलात कोर्टाचे दरवाजेच बंद केले. त्याच वर्षी विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने निकाल कोर्टाच्या विरुद्ध दिला. पुण्याच्या एका पोरासाठी दोन स्कॉच साहेब भांडले. आणि त्यांपैकी एकाच्या नेमणुकीच्या मुळाशी बेकायदा भट्टीतली एक सुवासिक दारू होती. इतिहास कधी कधी असा गालातल्या गालात हसतो.

पण आपल्या विषयाला महत्त्वाचे आहे ते स्कॉटलंडात नंतर जे घडले ते. राजापासून जमीनदारापर्यंत साऱ्यांच्या जिभेला जी दारू आवडते तिला चोर म्हणत राहणे अवघड होते. ड्यूक ऑफ गॉर्डन यांच्यासारख्या मोठ्या जमीनदारांनी रदबदली केली आणि १८२३ मध्ये नवा कायदा झाला. वर्षाला दहा पौंड भरून परवाना घ्यावा, चाळीस गॅलनांहून लहान नसलेली भट्टी ठेवावी आणि निघालेल्या दारूवर बेताचा कर द्यावा. पुढच्याच वर्षी गॉर्डन यांचे कूळ जॉर्ज स्मिथ याने ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात पहिला परवाना घेतला. शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांनी त्याची भट्टी जाळण्याची धमकी दिली, तेव्हा अ‍ॅबरलॉरच्या जमीनदाराने त्याला दोन पिस्तुले दिली आणि ती तो कमरेला लावून हिंडे. चोरट्यांचे हळूहळू परवानेदार झाले. त्यांच्या आजोबांची रीत कायद्याच्या छत्राखाली आली. त्यांना सवड मिळाली. पूर्वी बहुतेक दारू ताजीच संपे; आता ती पिंपात भरून दहा-दहा वर्षे निर्धास्त ठेवता येऊ लागली. फळांचा तो वास पुरता उमलला तो त्यानंतर.

आता आपल्याकडे वळू. मोहाचे झाड मी वाचकांना काय सांगावे! फाल्गुन-चैत्रात पाने झडतात आणि पहाटे पहाटे मेणासारखी पिवळट, गोड, मांसल फुले टपटप गळू लागतात. बायकापोरे टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळली की ती अगदी मनुकांसारखी दिसतात आणि त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. गरिबाच्या घरी दुष्काळात ती भाकरीची जागा घेतात. बियांचे तेल निघते. आणि पाण्यात काही दिवस भिजवून आंबवली, म्हणजे त्यांचा सडवा केला, की गाळून दारू होते. पैनगंगेच्या काठाने हिंगोलीकडून पूर्वेला किनवटच्या रानाकडे जसजसे जावे, तसतसा हा मोह दाट होत जातो.

ही केवळ रानातली विद्या होती असेही नाही. मुंबईजवळ उरणला पारशी भट्टीवाले गुजरातेकडून मोहाची फुले आणवीत आणि त्यांची दारू मुंबई शहरास पुरवीत. एकदा गाळलेली दारू साधी. तीच पुन्हा गाळली की दोनदा गाळलेली म्हणून ती 'बेवडा'. वाचकहो, हा शब्द पुन्हा वाचा. आज रस्त्यात लोळणाऱ्या माणसाला आपण जी शिवी देतो, ती मुळात कारागिराची संज्ञा आहे. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्कीही बहुतेक दोनदाच गाळतात. म्हणजे शब्दार्थाने पाहिले तर राजाला गेलेली ती ग्लेनलिव्हेट बेवडाच!

मग या बेवड्याच्या नशिबी तो मान का आला नाही? १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात नवा आबकारी कायदा झाला. चार्ल्स प्रिचर्ड हे त्या धोरणाचे सूत्रधार. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीखान्यांत दारू गाळायची, मक्तेदारामार्फत विकायची आणि कर वसूल करायचा, असा त्याचा रोख. तरीही रानातल्या भट्ट्या पेटतच राहिल्या, तेव्हा १८९२ चा मोह कायदा आला. ठाणे आणि कुलाब्याकडे परवान्याशिवाय ठरलेल्या वजनाहून अधिक मोहाची फुले जवळ बाळगणेच गुन्हा ठरले. दारू तर राहोच, फूलच गुन्हेगार झाले! स्कॉटलंडात सातूचे पोते घरात ठेवले म्हणून कोणाला पकडावे असे कुणाच्या डोक्यातही आले नाही. सातू जमीनदाराच्या शेतात पिकत होता. मोह मात्र आदिवासीच्या वाट्याचा होता. फरक एवढाच, पण तो पुरेसा ठरला.

आमचा हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. १८१९ पासून १९०३ पर्यंत येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या काळच्या साऱ्या छावण्यांप्रमाणे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये आधी ब्रँडी आणि मग व्हिस्की आली असणार. बाजारात मात्र शिंदी आणि मोह. पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाड. तो १८५३ पासून कंपनीच्या ताब्यात. म्हणजे एकाच नदीच्या दोन काठांवर मोहाच्या त्याच फुलाला दोन निराळे कायदे. निजामी कागदपत्रांत आमच्या मोहाला 'गुलमोहवा' असे गोड नाव होते. पण फसली १३१६ च्या, म्हणजे १९०६-०७ च्या सुमाराच्या, हैदराबादच्या आबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क सरकारचा आणि मक्तेदाराचा केला. नाव गोड, व्यवहार तोच. पुढे राज्ये बदलली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये आमच्याकडेही लागू झाला. साहेब गेला, निजाम गेला, पण मोहाच्या फुलाकडे संशयाने पाहण्याची नजर मात्र वारसाहक्काने चालत आली.

याचा परिणाम चवीवर काय झाला हे तात्यांनी एका वाक्यात सांगितले. मी त्यांना विचारले, "तात्या, आज्याच्या टायमाची आणि आताची, फरक कशाचा?" ते म्हणाले, "आज्याला कुनाचं भेव नव्हतं, गुरुजी. आता मागं बघत बघत काढत्यात." चार-सहा दिवस आंबायचे ते नवसागर घालून लवकर उरकायचे. मंद आचेऐवजी रात्रीतून जाळ. मिळेल त्या पत्र्याच्या डब्यात, नाल्याच्या आडोशाला. लोलँडच्या त्या तीन मिनिटांच्या भांड्यांची गोष्ट आठवावी. तेथे कर चुकवण्याची घाई, येथे पोलिसाची. घाईच्या पोटी जन्मणारी दारू सगळीकडे सारखीच, करपट आणि घातकी. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हे कौतुकाचे विशेषण झाले, तेही या घाईतूनच आले असावे, असे मला वाटते. स्कॉच भट्टीवाला पहिली धार बाजूला काढतो, शेवटचीही काढतो आणि मधलीच ठेवतो. बाजूला काढलेली पुन्हा गाळतो. पण ज्याला ती आज रात्री लवकर चढायला हवी आहे, त्याला मधल्या धारेची वाट पाहण्याची सवड कोठून असणार?

येथे कोणी मला अडवील आणि म्हणेल, "मास्तर, तुम्ही दारूची तरफदारी करता की काय?" तसे मुळीच नाही. दारूने उठलेली घरे मी पाहिली आहेत; वर्गातल्या हुशार मुलांना शाळा सोडून वीटभट्टीवर गेलेले पाहिले आहे. गावागावांतून बायांनी दारूचे गुत्ते बंद पाडले. गडचिरोलीसारख्या मोहाच्या जिल्ह्यात लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. त्या बायांचा राग खरा आहे आणि तो मला वंद्य आहे. माझे म्हणणे इतकेच की त्यांच्या घरात शिरलेली दारू ही आज्याची मोहाची नव्हे. आज्याची दारू सणाला, लग्नाला, देवाला होती; झाड वर्षाला जितके देई तितकीच होती. मक्त्याच्या गुत्त्याने ती रोजची केली आणि धाकाने ती विषारी केली. कायद्याने दारू घालवली नाही. घालवली ती फक्त तिच्यातली विद्या.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. गोव्याच्या काजू-फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. गोव्यातच आता हिंदुस्थानी सातूची सिंगल माल्ट तयार होते आणि देशोदेशी जाते. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता देण्याचे ठरवले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने मोहाची फुले वेचण्यावरचे व नेण्यावरचे निर्बंध उठवले. म्हणजे १८९२ मध्ये गुन्हेगार ठरलेले फूल जवळजवळ एकशे तीस वर्षांनी निर्दोष सुटले. उशिरा का होईना, न्याय झाला म्हणायचे. मात्र हा मान उद्या कोणा मोठ्या कारखानदाराच्या बाटलीवर चिकटेल की पहाटे टोपली घेऊन झाडाखाली बसणाऱ्या बाईच्या पदरी पडेल, हे अजून पाहायचे आहे. स्कॉटलंडात परवाना मिळाला तो डोंगरातल्या कुळालाच, हे येथे विसरून चालणार नाही.

भाचा परत गेला. बाटली कपाटात पुस्तकांमागे तशीच आहे. मामीला ठाऊक आहे, पण ती बोलत नाही. परवा तात्या पुन्हा आले होते. मी त्यांना एडिंबरोच्या राजाची आणि त्या पेटीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि थोडा वेळ गप्प बसून विचारले, "म्हंजी राजाला आवडली म्हनून ती सुटली. आमची कुन्या राजानं कधी चाखलीच न्हाई, व्हय ना?"

इतका वेळ पुस्तके चाळून मी जे शोधत होतो ते एवढेच होते.